१३ किलोची कार सीट संपत आली, पुढची कोणती?

हॅचबॅकवाली_आई
मुलगी सव्वादोन वर्षांची, वजन १२.४ किलो, उंची ८८ सेंमी. सध्या ०–१३ किलो वजनाच्या मुलांसाठीची, मागे तोंड करून बसवायची सीट आहे. गाडीत मागच्या दोन्ही कडेच्या जागांना आयसोफिक्स (मुलाची सीट थेट गाडीला अडकवायच्या धातूच्या कड्या) आहे, मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा. एक दुकानदार ९–३६ किलोवाली घ्या म्हणतो, दुसरा थेट बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक). तिचे पाय गाडीच्या सीटला टेकून दुमडतात. आता पुढे तोंड करून बसवावं का?

पट्टा_आवळा
बूस्टरचं नाव सध्या काढू नका. त्यात मुलाला गाडीचाच पट्टा धरतो. एवढ्या लहान मुलाचा कमरेचा पट्टा पोटावर सरकतो, आणि झोपेत मूल कलंडलं की वरचा पट्टा खांद्यावर राहत नाही.

पाय दुमडले म्हणून सीट लहान झाली असं नाही. मुलं खुशाल मांडी घालून बसतात. १३ किलो भरले, किंवा डोकं सीटच्या वरच्या कडेला आलं, की ती बदलायची. तुमची वेळ आलीच आहे. पण पुढचीही मागे तोंड करून वापरता येणारीच घ्या, १८ किलो किंवा १०५ सेंमीपर्यंतची. समोरून धडक बसली की लहान मुलाचं जड डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये तोच जोर पूर्ण पाठीवर विभागला जातो.

नट_बोल्ट
९–३६ मधली मेख: आतले पट्टे बहुधा १८ किलोपर्यंतच, पुढे ते काढून तिचं बूस्टर होतं. आणि बहुतेक मॉडेल पुढे तोंड करूनच बसतात, म्हणजे तुमच्या कामाची नाही. उंच मुलांचे खांदे तर १८ किलोच्या आधीच पट्ट्याच्या सगळ्यात वरच्या खाचेपलीकडे जातात. दुकानात जाताना मुलीला बसवून बूड ते खांदा अंतर मोजून न्या. लेबलवर एआयएस-०७२, आर४४/०४ किंवा आर१२९ या सुरक्षा मानकांपैकी काही नसेल तर सोडून द्या.

मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघावेत, पुढे तोंड असताना रेषेत किंवा किंचित वरून. आवळल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर अजून सैल आहे. जाड जॅकेट आधी काढा, ते धडकेत दबतं आणि पट्टा ढिला पडतो.

सीट घट्ट बसली का हे वरून हलवून कळत नाही. आयसोफिक्स किंवा पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंमीपेक्षा जास्त हलता कामा नये.

हॅचबॅकवाली_आई
मधली जागा सुरक्षित म्हणतात, ती चालेल? आणि टॉप टेदर (सीटच्या वरून गाडीला मागे अडकवायचा पट्टा) नसेल तर?

नट_बोल्ट
मधली नाही. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बहुतेक सीट बसवायला मनाई असते. टॉप टेदर किंवा सपोर्ट लेग (सीटपासून गाडीच्या तळाला टेकणारा पाय), सीटच्या माहितीपत्रकात जे असेल ते वापरायचंच. टेदर सामानाच्या हुकाला अडकवू नका, तो तेवढा जोर सहन करत नाही. गाडीत पायाखाली सामानाची पेटी असेल तर सपोर्ट लेगला परवानगी आहे का, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा.

पट्टा_आवळा
ड्रायव्हरशेजारी चालू एअरबॅगसमोर उलटी सीट कधीही नको. आपल्याकडे मागची डावी बाजू बरी, मुलीला उतरवताना तुम्ही रहदारीत उभ्या राहत नाही.