धमन्यांतली सूज उतरवणारं नॅनो औषध : वडिलांसाठी थांबावं का?

कोरेगावकर
नमस्कार मंडळी. अण्णांचं वय ६६. दिवाळीनंतर अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकलाय. दुसऱ्या धमनीत ५० टक्के ब्लॉकेज आहे, त्याला गोळ्याच चालू ठेवल्यात. भाऊजींनी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला की अमेरिकेत असे नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, कण निघालेत, रक्तात सोडले की ब्लॉकेज आतून खाऊन टाकतात. तेव्हापासून अण्णांनी टुमणं लावलंय : रोसुव्हास्टॅटिनने (कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी) पाय दुखतात, ती बंद करू, हे औषध येईपर्यंत थांबू. यात कितपत तथ्य आहे?

विठू_७१
फॉरवर्ड आहे. डिलीट करा.

कॅथलॅबवाली
सगळंच खोटं नाहीये ते. मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नव्हे, पण रोज स्क्रीनवर या धमन्याच बघते, म्हणून वाचत असते. स्टॅनफर्डचे निकोलस लीपर आणि मिशिगन स्टेटचे ब्रायन स्मिथ यांच्या गटाचं हे काम, २०२० साली 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त आलं.

ब्लॉकेज म्हणजे नुसती चरबी नसते. धमनीच्या भिंतीत मेलेल्या पेशींचा ढिगाराही असतो. एरवी मेलेली पेशी भक्षक पेशी लगेच गिळतात. इथे मात्र तिच्यावर सीडी४७ हे प्रथिन राहतं, म्हणजे 'मला खाऊ नको' अशी पाटीच. ढीग पडून राहतो, सूज वाढते, वरचं आवरण पातळ होऊन फुटतं, गुठळी धरते आणि अटॅक येतो. ही पाटी झाकणारी अँटिबॉडी उंदरांना दिली तर गुण आला, पण शरीर चांगल्या तांबड्या पेशीही खायला लागलं, रक्त कमी झालं. म्हणून यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांवर औषध चढवलं. त्या नळ्या ठरावीक पांढऱ्या पेशीच उचलतात आणि ब्लॉकेजपर्यंत नेतात. तिथे ती पाटी वाचणारी यंत्रणाच बंद पडते. उंदरांत जमलं. पुढे डुकरांतही धमन्यांतला दाह कमी झाला, रक्त कमी न होता.

पण औषध पोचलं म्हणजे गुण आलाच असं नाही हो. नेदरलँड्समध्ये प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) भरलेले लिपोसोम, म्हणजे चरबीचे सूक्ष्म फुगे, खऱ्या रुग्णांना दिले होते. ब्लॉकेजमधल्या भक्षक पेशींत ते सापडलेसुद्धा, दाह मात्र तिथल्या तिथेच. ही बातमी कुठल्याच ग्रुपवर येत नाही.

फार्मसीकाका
ताईंनी छान सांगितलं. सूज उतरवून अटॅक टळतात हे २०१७च्या कँटॉस चाचणीत दिसलंय. १०,०६१ रुग्ण, कॅनाकिनुमॅब या सूज उतरवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन, कोलेस्टेरॉल होतं तिथेच, तरी अटॅक-स्ट्रोक १५ टक्क्यांनी कमी. पण जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले, आणि म्हणूनच औषध थेट जागेवर पोचवायची ही सगळी धडपड. गाउटची (सांधे सुजण्याचा आजार) जुनी गोळी कोल्चिसिन अर्धा मिलिग्रॅममध्ये अमेरिकेत २०२३ला यासाठी मंजूर झाली, पण २०२४च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. जाता जाता : कोल्चिसिन कळलावीतही असतं. रानातून कंद आणून उगाळायला जाऊ नका, माणूस मरतो.

आणि स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत.

कोरेगावकर
आभारी आहे. अण्णांना डुकरांचं सांगितलं. म्हणाले, "नशीबवान आहेत लेकाची." पण स्टॅटिनचा हट्ट काही सुटत नाही. मंगळवारी दाखवायला नेतोय. सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घेऊ का?

कॅथलॅबवाली
ते डॉक्टर ठरवतील. गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो, त्यासाठी नॅनोची वाट बघायला नको. पण पाय कधी दुखतात ते नीट लिहून न्या. दोन्ही दुखतात की एकच, बसल्या जागीही की चालल्यावरच? चालताना पोटऱ्या भरून येत असतील आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर आवर्जून सांगा, पायाच्या धमन्याही तपासाव्या लागतील.