'लीव्ह' म्हणजे रजा की परवानगी?

रविवारकारंजा: शेजारच्या काकांचा वाड्याच्या हद्दीवरून दावा चालू आहे. वकील दिलेला नाही, स्वतःच भांडतात. त्यांना वाचता यावा म्हणून एका इंग्रजी आदेशाचं मराठी करतोय. त्यात 'विदाउट लीव्ह ऑफ द कोर्ट' नवा दावा लावायचा नाही असं आहे. मी 'परवानगीशिवाय' लिहिलं. भावानं ते खोडून 'अनुज्ञेशिवाय' केलं, का तर परवानगी फारसी! मोबाइल तर 'न्यायालयाच्या रजेशिवाय' म्हणतोय. काय ठेवू?

गंगेवरचा: रजेला हसू नका. मुळात अरबी 'रिझा', म्हणजे संमती, खुशी. 'येतो, रजा द्या' म्हणतो तेव्हा आपण परवानगीच मागतो की. मोबाइल चुकून बरोबर निघाला.

अनुज्ञाच: भावाचं ऐका. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला का?

शालिमार_४२२: तरी 'वकील' टिकला, 'फिर्याद' टिकली. आणि अनुज्ञा म्हटलं की मला अनुज्ञप्ती आठवते, म्हणजे दारूच्या दुकानाचं लायसन. काका भलतीकडेच जातील.

निवृत्त_पेशकार: 'परवानगी' ठेवा. पण कशाची ते नीट लिहा. स्वतःची बाजू स्वतः मांडायला जिल्हा कोर्टात परवानगी लागत नाही, तो हक्कच आहे. काकांच्या वतीनं तुम्ही उभे राहणार असाल तर लागते, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१, कलम ३२. सरकारवर दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. घाई असेल तर ती न देता यायला परवानगी. आणि तुम्ही लिहिलंय तसा सरसकट नव्या दाव्यांना मज्जाव असेल, तर प्रकरण १९७१ च्या तापदायक दाव्यांच्या, म्हणजे उगाच पुन्हापुन्हा दावे लावणाऱ्यांना आवरायच्या, कायद्यातलं दिसतंय. त्यात मुंबईत उच्च न्यायालयाची परवानगी, बाहेर जिल्हा न्यायाधीशांची.

गंगेवरचा: तापदायक! याला आपल्याकडे झकास शब्द होता, कज्जेदलाल.

रविवारकारंजा: काकांना तो वाचून दाखवायची माझी छाती नाही.

निवृत्त_पेशकार: कज्जेदलाल शिवी आहे, आदेशात चालत नाही. कोर्ट फी भरायची ऐपत नसलेल्यालाही आधी परवानगी मागावी लागते. त्याला आम्ही 'नादारीचा दावा' म्हणायचो. १९७६ च्या दुरुस्तीनं इंग्रजीतला 'पॉपर' काढला, आता मराठीत 'निर्धन' लिहितात. नादारीत जी लाज होती ती निर्धनात नाही, हे मात्र कबूल.

सिडकोतली_मावशी: लाज कसली? आमच्या शाळेत फी माफ झाली की नादारी मिळाली म्हणायचे, पेढे वाटायचे! नादार म्हणजे ज्याला दारच नाही तो, ना?

गंगेवरचा: नाही हो मावशी. तो फारसी 'दार', म्हणजे बाळगणारा. जमीनदार, दुकानदार यांतला. नादार म्हणजे काहीच न बाळगणारा.

सिडकोतली_मावशी: मग घराचं दार कुठून आलं?

अनुज्ञाच: संस्कृत 'द्वार'. बघा, शेवटी संस्कृतच.

शालिमार_४२२: फारसीतही दरवाजातला 'दर' त्याच घराण्यातला आहे. आता कुणाकुणाला हाकलणार?

रविवारकारंजा: अहो, आदेशात काय लिहू?

अनुज्ञाच: अनुज्ञा.

निवृत्त_पेशकार: परवानगी. आणि आदेशाचा पहिला परिच्छेद इथे टाका, कुठल्या कायद्याखाली आहे ते पाहू. काकांचं नाव झाकून.