पोटगी ‘थकली’, ‘चुकवली’ की ‘बुडवली’? आणि आत जाऊन आला की ‘फिटते’ का?

टंकलेखिका :
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या कोर्टाबाहेर मी टायपिंगचं टेबल लावते, बावीस वर्षं झाली, आणि पोटगीचे अर्ज तर रोजचेच. परवा एक ताई आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत ऑर्डरची कॉपी आणि बँकेचं पासबुक. ज्या महिन्यात ४,००० जमा झाले त्यापुढे पेन्सिलीनं बारीक टिक केलेली, दिवाळीपर्यंत टिका आहेत आणि मग पानंच्या पानं कोरी. मागच्या अर्जात सहा महिन्यांचे २४,००० होते, नवऱ्यानं ते दिलेच नाहीत, महिनाभर आत राहून आला. आता गावात सगळे सांगतात की त्यानं भोगलं, फिटलं सगळं. ताई मला म्हणाल्या, “मॅडम, मागचे सोडा, आता पुढचेच लिहा.” माझा हातच थांबला. मला दोन गोष्टी विचारायच्यात. पोटगीला ‘फिटली’ हे क्रियापद लागतं का, आणि दुसरं म्हणजे अर्जात ‘थकली’ लिहू, ‘चुकवली’ लिहू की ‘बुडवली’?

कृष्णाकाठ :
‘चुकवली’ नका लिहू ताई, घोळ होतो. मराठीत चुकवणं म्हणजे टाळणं, कर चुकवतो, नजर चुकवतो तसं. पण हिंदीत चुकाना म्हणजे फेडणं, आणि आता टीव्हीमुळे पोरं ‘लोन चुकवलं’ असं फेडल्याच्या अर्थानं सर्रास बोलतात. त्यात आपल्याकडंच ‘हिशोब चुकता केला’ म्हणजे पूर्ण दिला. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ, कोर्टाच्या कागदावर नकोच तो. बाकी आमच्याकडं सांगली-कोल्हापूर भागात पोटगी कमी आणि ‘खावटी’ जास्त म्हणतात, खावटीचा दावा, खावटी लागू झाली वगैरे.

वऱ्हाडकर :
खावटी म्हटलं की आमच्या डोक्यात आदिवासी भागातली खावटी कर्जाची योजना येते, पावसाळ्यात घरात दाणे नसतात तेव्हाची. अर्थ तोच म्हणा, खाण्यापुरतं. जुन्या कागदांत ‘अन्नवस्त्र’ पण दिसते, मला तो शब्द जास्त आवडतो कारण त्यात अंगावरच्या कपड्याचीही आठवण आहे. पोटगी म्हटलं की लोक फक्त पोटच धरतात, आणि मग लेकराची फी, औषधपाणी, खोलीभाडं मागितलं की सामनेवाला म्हणतो हे कशाला.

वकिली_नवी :
फिटण्याबद्दल मी सांगते कारण हे खूप जणींना चुकीचं सांगितलं जातं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय, त्यात क्रम असा आहे की ऐपत असून आणि सबळ कारण नसताना पैसे दिले नाहीत तर आधी वसुलीचं वॉरंट, म्हणजे दंड जसा वसूल करतात तशी वसुली, जप्ती वगैरे. त्यानंतरही जे उरलं त्यासाठी, थकलेल्या दर महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद, आणि पैसे भरले तर लगेच बाहेर. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की एका वेळी महिन्याच्या पुढं जाता येत नाही, पण तेवढं होऊनही दिलं नाही तर बाईनं परत अर्ज करावा. आणि १९८९ च्या कुलदीप कौर निकालात स्पष्टच आहे, तुरुंगात टाकणं हा पैसे काढायचा मार्ग आहे, ती पैशाची फेड नाही. रक्कम जशीच्या तशी उभी राहते. तुमच्या त्या ताईंचे २४,००० अजून येणे आहेत, सोडायचे नाहीत.

टंकलेखिका :
वाचून बरं वाटलं, खरंच. म्हणजे ही कैद म्हणजे तगादाच की! सावकाराचा माणूस दारात येऊन बसायचा तसा सरकारचा तगादा, आणि तगाद्यानं कर्ज कधी फिटत नाही.

कृष्णाकाठ :
तगादा एकदम चपखल. पण मग पेपरवाले ‘पोटगी न देण्याचा गुन्हा’ लिहितात ते चूक ना?

वकिली_नवी :
हो, गुन्हा नाही तो. कायद्यात कैदेला शिक्षा हाच शब्द आहे त्यामुळं ‘शिक्षा’ लिहिलं तर चूक म्हणता येत नाही, पण एफआयआर नसते, चार्जशीट नसते. कोर्ट फौजदारी, वॉरंट घेऊन येणारा पोलीस, म्हणून लोकांना वाटतं गुन्हा दाखल झाला आणि भोगून संपला. आणि हे फक्त बायकोपुरतं नाही हं, मुलं आणि आईवडीलसुद्धा यात येतात. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९८७ मध्येच सांगितलं की लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांना सांभाळायची जबाबदारी आहे.

टंकलेखिका :
अर्जाच्या डोक्यावर आम्ही ‘किरकोळ फौजदारी अर्ज’ टाइप करतो. बावीस वर्षं करतेय आणि तो ‘किरकोळ’ मला दर वेळी टोचतो. समोर बसलेली बाई महिन्याचं रेशन त्याच्यावर मोजत असते.

वऱ्हाडकर :
‘थकली’ वर बोलायचं राहिलं. ताई, ‘थकवली’ लिहा. पोटगी थकली म्हटलं की जणू ती आपणहून चालता चालता दमून बसली, करणारा वाक्यातून गायबच. ‘थकवली’ म्हटलं की कोणी थकवली ते सांगावंच लागते. ‘बुडवली’ मला इथं नको वाटते, बुडालेले पैसे परत येत नाहीत असा त्याचा सूर आहे आणि तुम्हाला तर ते वसूल करायचेत. अजून एक, लोक विचारतात हुकूम कालच झाला मग इतकी थकबाकी आली कुठून, तर २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या आमच्या नागपूर खंडपीठाकडून वर गेलेल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. तीन वर्षं तारखा पडल्या तर तीन वर्षांची रक्कम एकदम उभी राहते.

वकिली_नवी :
अगदी बरोबर. फक्त मुदत सांभाळा, रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज नसेल तर या कलमाखाली वॉरंट निघत नाही. ‘देईल हो, पोरांचा बाप आहे’ म्हणत दीड वर्ष थांबलेल्या बाया मी बघितल्यात, फार वाईट वाटतं. मागच्या २४,००० चा अर्ज वेळेत होता, तर त्याचा नंबर आणि तारीख नव्या अर्जात नक्की टाका.

टंकलेखिका :
टाकते. वाक्य असं केलंय : “गैरअर्जदाराने ऐपत असूनही पोटगीची रक्कम थकवली असून, पूर्वीच्या अर्जातील रु. २४,००० त्यांनी कैद भोगूनही अद्याप दिलेली नाही, सबब सदर रक्कम आजही येणे आहे.” ‘कैद भोगूनही’ मधला ‘ही’ ठेवू ना? ताई उद्या अकराला येणारेत, पासबुकाची झेरॉक्स घेऊन.

कृष्णाकाठ :
ठेवा ठेवा. आणि ‘दिलेली नाही’ च्या आधी ‘अर्जदारास’ घाला, कुणाला दिली नाही ते पण दिसू दे.