प्रति: जाळी साफ, तरी ड्रीपर बंद का?

भाऊ, जाळीचा फिल्टर रोज धुऊनही संत्र्याच्या बागेतले ठिबकचे ड्रीपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं) चोक होतात, म्हणून आणखी बारीक जाळी बसवू म्हणताय. जरा थांबा. बुजलेला एखादा ड्रीपर आधी उघडून बघा. आत पांढरं, खरखरीत काही असेल आणि पातळ ॲसिडचा थेंब पडताच फसफसलं, तर तो चुना. पाण्यात विरघळलेला असतो तेव्हा कितीही बारीक जाळी लावा, तो पार जातो. पुढे नळी उन्हानं तापली की आत थर धरतो. त्याला ॲसिड ट्रीटमेंटच, म्हणजे नळ्यांतून ॲसिडचं पाणी सोडणंच, लागते (ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही).

जाळीला फक्त आकार कळतो. १२० मेश (एका इंचात १२० भोकं) म्हणजे साधारण १३० मायक्रॉनची भोकं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग); जाड रेती अडते. आपल्या काळ्या मातीतले चिकण कण २ मायक्रॉनहूनही बारीक, ते आरामात जातात. जाऊ द्या, ड्रीपरची वाट त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. फक्त नळीच्या टोकाशी गाळ साचतो, तेव्हा बूच काढून फ्लश करत जा.

शेततळ्याचं पाणी असेल तर मात्र सँड फिल्टर हवाच. शेवाळ लवचिक, दाबानं जाळीतून निसटतं. वाळूच्या थरातली वाट लांब, वाकडीतिकडी. तिथं फटीपेक्षा बारीक कणही दाण्यांना चिकटून राहतात. फिल्टरच्या आत-बाहेरच्या दाबात अर्ध्या किलोचा (दर चौरस सें.मी.) फरक गेजवर, म्हणजे दाबाच्या काट्यावर, दिसला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं. वरुड-मोर्शीकडे बरेच जण गेज फुटलं तरी बदलत नाहीत, मग फरक दिसणार कुठून?