ओरिओल्सची जर्सी घ्यायची आहे: रचमन, हेंडरसन की हॉलिडे?

मीरा_कोलंबिया

मंडळी, सल्ला हवाय. लेक अकरा वर्षांची आहे, काउंटीच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये कॅचर म्हणून खेळते. दिवाळीला तिला बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल टीमची जर्सी हवी आहे आणि तीही ॲडली रचमनचीच, ३५ नंबरची. नवऱ्याचं म्हणणं, रचमनचा फॉर्म गेलाय, शिवाय २०२७ नंतर तो टीममध्ये राहील याची काय खात्री, त्यापेक्षा गनर हेंडरसनची घे. दीर जॅक्सन हॉलिडेवर अडून बसलेत. शेजारच्या मुलाने गेल्या वर्षी हौसेने सेड्रिक मलिन्सची घेतली होती. यंदा, २०२५ च्या जुलैअखेर, टीमने त्याला न्यूयॉर्क मेट्सना देऊन टाकलं, पोरगं फार हिरमुसलं होतं. नाव-नंबर छापलेली जर्सी शंभर डॉलरच्या वर जाते, त्यामुळे दरवर्षी नवी घेणं जमणार नाही.

दुसरं असं, की पुढच्या उन्हाळ्यात तिला वर येऊ घातलेली नवी पोरं जवळून दाखवायची आहेत. आम्ही मेरीलँडमधल्या कोलंबियात राहतो. कुठे न्यावं?

सुहास_टाउसन

डोळे झाकून हेंडरसन. २०२३ चा रुकी ऑफ द इयर (नव्या खेळाडूंमधला सर्वोत्तम), तोही एकमताने. २०२४ मध्ये ३७ होमरन (चेंडू थेट भिंतीपलीकडे). यंदा १७ वर आला म्हणून लोक कुरकुरतात, पण ॲव्हरेज .२७४ आहे आणि शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागी) रोज उभा असतो. अजून पंचविशीही गाठलेली नाही आणि २०२८ पर्यंत आपल्याकडेच आहे. पैसे वसूल.

अंजली_नाशिक

मी नाशिकहून वाचते, बेसबॉल नुकतंच बघायला लागलेय. .२७४ म्हणजे चांगलं की वाईट? आणि कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच ना?

पटापस्को

अंजलीताई, ॲव्हरेज म्हणजे हजार वेळा बॅटिंगला आला तर किती वेळा हिट मारून बेसवर पोचला. वॉक (चार चेंडू बाहेर पडले की फुकट मिळणारा बेस) त्यात धरत नाहीत. .३०० म्हणजे उत्तम, .२५० च्या आसपास ठीक, .२०० च्या खाली गेला की जागा धोक्यात. विकेटकीपर म्हणालात ते बरोबर, पण त्यात अर्धा कॅप्टन मिसळा. प्रत्येक चेंडूला काय टाकायचं याची खूण पिचरला बहुतेक कॅचरकडून जाते. एका सामन्यात सव्वाशे-दीडशे चेंडू उकिडवं बसून घ्यायचे आणि वर बॅटिंगही करायची.

मीराताई, लेक कॅचर आहे ना? मग ३५ घ्या. भावनेच्या भरात सांगत नाही, कारणं देतो.

ही टीम २०१८ मध्ये ११५ सामने हरली होती. त्यामुळे २०१९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिला नंबर मिळाला आणि रचमन आला. २०२१ मध्येही ११० पराभव होते. २१ मे २०२२ ला तो घरच्या मैदानावर, कॅम्डेन यार्ड्सवर, पहिल्यांदा उतरला, तेव्हा प्लेटमागे (बॅटरच्या मागे, कॅचरच्या जागी) जाऊन जरा थांबला आणि सावकाश वळून सगळं स्टेडियम वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या रात्री पहिली हिट मारली तीच ट्रिपल, म्हणजे थेट तिसऱ्या बेसपर्यंत. आधल्या वर्षी ५२ सामने जिंकलेली टीम त्या वर्षी ८३ जिंकली आणि पुढच्या वर्षी १०१. हे सगळं त्याच्या एकट्याच्या जिवावर झालं असं नाही, पण पिचर लोकांना विचारा, सुरुवात कुठून झाली ते सांगतील.

२०२३ चा पहिलाच सामना बॉस्टनला होता, त्यात पाच वेळा बॅटिंग धरली गेली आणि पाचही हिट. मोसमाच्या पहिल्या दिवशी असं करणारा तो पहिला कॅचर. त्याच वर्षी सिॲटलच्या होमरन डर्बीत (होमरन मारायच्या स्पर्धेत) वडील चेंडू टाकत होते आणि हा आधी डावखुरा खेळला, मग बाजू बदलून उजव्या हाताने.

बिघडलं कुठे? २०२४ च्या जूनपर्यंत छान चाललं होतं, मग दुसऱ्या अर्ध्यात बॅट गप्प झाली. यंदा टोरांटोत पहिल्याच दिवशी दोन होमरन मारले, वाटलं सुटला. पण जूनमध्ये पोटाच्या एका बाजूचा स्नायू ताणला, तो बरा होऊन आला तर ऑगस्टमध्ये दुसऱ्या बाजूचा. बॅट फिरवताना सगळा पीळ त्याच स्नायूंवर येतो आणि हा तर दोन्ही बाजूंनी खेळणारा. ९० सामने, .२२० ॲव्हरेज, ९ होमरन. आकडे वाईटच आहेत, त्यावर पांघरूण घालणार नाही. तरी तो संपला असं मी मानत नाही. सत्ताविशीतला कॅचर आहे, चेंडू नीट पारखतो, उगाच बाहेरच्या चेंडूंमागे धावत नाही. एक हिवाळा अंग नीट बरं होऊ द्या.

आदित्य_पाईक्सव्हिल

पटापस्को, प्रेम समजलं. पण 'तरुण पोरं आहेत, थांबा' हे किती वर्षं ऐकायचं? २०२३ मध्ये १०१ जिंकले आणि टेक्सासने ३-० ने घरी बसवलं. २०२४ मध्ये कॅन्सस सिटीने २-० ने. यंदा ७५-८७, विभागात तळाला, मेमध्ये मॅनेजर ब्रँडन हाइड गेला. काउझरचं ॲव्हरेज .१९६. कर्स्टाड २०२० मध्ये दुसऱ्या नंबरला निवडलेला, तो जूनमध्ये परत मायनर्समध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये. प्रॉस्पेक्टच्या (होतकरू पोरांच्या) याद्यांमध्ये पहिलं यायचं आणि ऑक्टोबरमध्ये घरी बसायचं, हेच चाललंय. मी तरी मुलांना नुसती टीमच्या नावाची जर्सी घेतो.

पटापस्को

आदित्य, राग रास्त आहे, पण तो चुकीच्या माणसांवर निघतोय. पिचिंगकडे बघ. मुख्य पिचर बर्न्स एक वर्ष खेळून ॲरिझोनाला गेला. त्याच्या जागी आणलं कोणाला, तर एक्केचाळिशीचा चार्ली मॉर्टन आणि जपानहून पस्तिशीचा सुगानो. सुगानोने निभावलं, मॉर्टनची सुरुवात भयंकर झाली. ग्रेसन रॉड्रिगेझने अख्ख्या मोसमात मेजर्समध्ये (सगळ्यात वरच्या लीगमध्ये) एकही चेंडू टाकला नाही. २० एप्रिलला घरच्या मैदानावर सिनसिनाटीने २४-२ ने धुतलं. त्याला बावीस-तेवीस वर्षांचे बॅटर काय करणार होते?

टीम बांधणारे जनरल मॅनेजर माईक इलायस २०१८ च्या अखेरीस आले. २०१९ पासून दरवर्षीची पहिली निवड काढून बघ: रचमन, कर्स्टाड, काउझर, हॉलिडे, ब्रॅडफिल्ड, हनिकट, आयरिश. सात वर्षांत एकही पिचर नाही. बॅटर घडवू आणि पिचर बाहेरून आणू असं धोरण असेल, तर ते आणायला हवे होते आणि त्यासाठी पैसा मोकळा करायला हवा होता. माझा सगळा राग तिथे आहे.

कर्स्टाडबद्दल तर मला वाईटच वाटतं. ड्राफ्ट झाल्यावर हृदयाच्या स्नायूला सूज आली, त्यात दीड-दोन वर्षं गेली. २०२४ च्या जुलैत यँकीजविरुद्ध चेंडू थेट हेल्मेटवर बसला. त्याला 'फुकट गेलेली निवड' म्हणणारे लोक हे विसरतात.

गौरी_फ्रेडरिक

कर्स्टाडच्या मुद्द्याला +१.

फॉर्म गेलेल्यांबद्दल बोलायचंच, तर पिचर ट्रेव्हर रॉजर्सला कसे विसरलात? २०२४ मध्ये मायामीकडून त्याला आणायला स्टावर्स आणि नॉर्बी दिले. रॉजर्सने चार सामन्यांत इतका मार खाल्ला की त्याला खाली, नॉरफोकच्या मायनर्स टीमकडे पाठवावं लागलं. यंदा स्टावर्स तिकडे ऑल-स्टार झाला तेव्हा इथे रेडिओवर नुसता शिमगा चालू होता. पण तोच रॉजर्स मेअखेर परत आला, १८ सामने सुरू केले आणि ईआरए (नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर जाणाऱ्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) १.८१! पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी त्यालाच चेंडू द्यावा असं माझं मत.

आणि हॉलिडे. एप्रिल २०२४ मध्ये विसाव्या वर्षी वर आला, ३४ वेळांत २ हिट, १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), दहा सामन्यांत परत खाली. ३१ जुलैला पुन्हा आला आणि पहिलाच होमरन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला), चेंडू जाऊन पडला मैदानामागच्या युटॉ स्ट्रीटवर. यंदा १७ होमरन मारले तेव्हा वय होतं एकवीस. त्या वयाची बाकीची पोरं कॉलेजात खेळत असतात.

मीरा_कोलंबिया

गौरी, ६ सप्टेंबरला आम्ही तिथेच होतो. डॉजर्सच्या यामामोटोने साडेआठ डाव होऊन गेले तरी एकही हिट दिलेली नव्हती, नवव्यात दोन आउट, अजून एक आउट घेतला की नो-हिटर, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट नाही. समोर हॉलिडे. चेंडू उजवीकडच्या भिंतीवरून जेमतेम पलीकडे गेला. क्षणभर कोणालाच कळेना की ओरडायचं की नाही. मग ०-३ वरून तोच सामना ४-३ असा जिंकला. ओरिओल्सच्या कॅल रिपकिनच्या २१३१ व्या सलग सामन्याला तीस वर्षं झाल्याचा सोहळाही त्याच संध्याकाळी होता. त्या दिवसापासून दीर हॉलिडे-हॉलिडे करतायत. मुलगी मात्र ३५ सोडायला तयार नाही.

सुहास_टाउसन

हॉलिडेचा ७ नंबर कॅल रिपकिन सीनियरचा, म्हणजे कॅलच्या वडिलांचा. बाल्टिमोरमधल्या जुन्या मंडळींना त्याचं फार. तोही पर्याय वाईट नाही, तरी माझं मत हेंडरसनच.

पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. सॅम्युएल बसायो. डोमिनिकन पोरगा, एकवीस वर्षांचा, तोही कॅचर. ऑगस्टमध्ये वर आणला आणि आठवडाभरात आठ वर्षांचा ६ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. आता रचमनचं काय करणार?

पटापस्को

दोघांनाही ठेवावं, असं माझं स्पष्ट मत. बसायोची बॅट जबर आहे. यामामोटोच्या आदल्या रात्री डॉजर्सविरुद्ध शेवटच्या डावात होमरन मारून त्यानेच सामना संपवला होता. पण पहिल्या दीडेक महिन्यात त्याचंही ॲव्हरेज .२०० च्या खाली राहिलं आणि प्लेटमागे अजून खूप शिकायचंय. आठवड्यातले दोन दिवस तो कॅचर, त्या दिवशी रचमन नुसता बॅटर, असं आलटून-पालटून केलं तर दोघांची शरीरं टिकतील. यंदा एकामागून एक कॅचर जायबंदी झाले तेव्हा टीमची काय दशा झाली ते आपण बघितलंच. आत्ता रचमनला विकला तर बाजारातला सगळ्यात पडलेला भाव मिळेल.

आणखी एक. पुढच्या, म्हणजे २०२६ च्या मोसमापासून मेजर्समध्ये स्ट्राइक-बॉलच्या (चेंडू टप्प्यात होता की बाहेर, या अंपायरच्या) निर्णयावर चॅलेंज करता येणार आहे. टीमला दोन संधी, आणि अधिकार फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरचा. डगआउटमधून (टीमच्या बसायच्या जागेतून) कोणी खुणावायचं नाही, लगेच डोक्यावर हात ठेवून मागायचं. चेंडू कुठून गेला हे सगळ्यात नीट दिसतं कॅचरला. ज्याची नजर रचमनसारखी आहे त्याची किंमत यामुळे वाढणार.

लेकीला सामन्याला न्याल तेव्हा शक्य झालं तर घरच्या डगआउटच्या बाजूने, जरा खालच्या रांगेत बसा. पिचर अडचणीत आला की रचमन माउंडकडे (पिचरच्या उंचवट्याकडे) कसा जातो ते तिला बघायला सांगा. धावत नाही, मास्क वर करून चालत जातो, तोंडासमोर ग्लोव्ह धरतो, दोन वाक्यं बोलतो आणि परत येतो. आणि खालचा चेंडू घेताना ग्लोव्ह आधीच जमिनीजवळ नेऊन खालून वर आणतो. वरून खाली नेला तर अंपायरला तो बॉल वाटतो. तिच्या वयाला हे शिकता येतं.

गौरी_फ्रेडरिक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. कोलंबियाहून बोवी सगळ्यात सोयीचं. तिथल्या डबल-ए टीमचं (ओरिओल्सच्या, मेजर्सच्या दोन पायऱ्या खालच्या टीमचं) नाव यंदापासून चेसापीक बेसॉक्स झालंय, मैदान तेच, प्रिन्स जॉर्जेस स्टेडियम. तिकीट स्वस्त, पार्किंगची दगदग नाही, मैदान इतकं जवळ की पिचर आणि कॅचरचं बोलणं ऐकू येतं. दुखापतीतून उठलेले मोठे खेळाडूही सरावाला तिथे येऊन एक-दोन सामने खेळून जातात, तेव्हा टीमच्या घोषणांवर लक्ष ठेवा.

यंदाच्या ड्राफ्टमधल्या दोघांची नावं तिला सांगून ठेवा: आर्कान्सॉचा शॉर्टस्टॉप वेहिवा अलॉय, ज्याला यंदा कॉलेजमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन स्पाइक्स मिळालं, आणि ऑबर्नचा आइक आयरिश, जो कॅचरही आहे. नीट खेळले तर उन्हाळ्यात कधीतरी बोवीला दिसतील. नॉरफोकची ट्रिपल-ए टीम (मेजर्सच्या एकच पायरी खाली) बघायची तर तीन-साडेतीन तासांचं ड्रायव्हिंग, मुक्काम करूनच जा.

आदित्य_पाईक्सव्हिल

बोवीला अनुमोदन. सामन्याच्या तासभर आधी पोचा. पोरं कठड्यापाशी येऊन सह्या देतात, बोलतात. सहीसाठी चेंडू न्या, जर्सी नको. मायनर्समधल्या पोराची सही ३५ नंबरवर घेतली तर नंतर लेकच नाराज होईल.

आणि मीराताई, माझं टीमबद्दलचं मत तेच आहे, पण मुलगी कॅचर असेल तर तिच्या मनासारखं करा.

मीरा_कोलंबिया

सगळ्यांचे मनापासून आभार. ३५ नक्की केली. नवऱ्याला पटापस्कोंचे प्रतिसाद वाचून दाखवले, त्यातला आत्ता विकला तर पडलेला भाव मिळेल हा मुद्दा त्याला पटला. आता साइज. अकरा वर्षांची, उंच आहे. यूथ एक्स्ट्रा लार्ज की मोठ्यांची स्मॉल?

गौरी_फ्रेडरिक

मोठ्यांची स्मॉल. एप्रिलमध्ये इथे चिकार थंडी असते, आत जाड स्वेटर घालता यायला हवा. नारिंगी घ्या, पांढऱ्यावर मोहरीचे डाग पडतात ते निघत नाहीत.