‘जर्नीमन’ बचावपटूला मराठीत काय म्हणावं?

पारवा
एका छोट्या दिवाळी अंकासाठी तिरीवर लेख लिहितोय. तोच तो, फुटबॉलमधला स्पॅनिश सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मध्यात खेळणारा, पूर्ण नाव होसे लुईस एस्पिनोसा आरोयो. अॅटलेटिको माद्रिदच्या राखीव संघातून निघून 2015 ला कोलकात्यात आला, मग जमशेदपूर, मग पुन्हा कोलकाता पण मोहन बागान, मग 2023 ला मुंबई सिटी. माझ्यासमोरच्या इंग्रजी मजकुरात त्याला ‘जर्नीमन डिफेंडर’ म्हटलंय, म्हणजे संघामागून संघ बदलत खेळणारा. मी लिहिलं ‘भटका बचावपटू’. संपादकबाईंनी समासात शेरा मारला : भटकी कुत्री असतात. ‘फिरस्ता’ केलं, तर म्हणाल्या, हा सुऱ्यांना धार लावून देतो का? आता तिसरा शब्द पक्का करूनच जायचंय. सुचवा.

सोनकी
बारा गावचं पाणी प्यालेला.

पारवा
मथळ्यात मावत नाही. शिवाय त्यात जरा बेरकीपणा येतो. हा माणूस सरळमार्गी आहे.

उंबरठा
सुरुवातच चुकतेय. जर्नीमनमधल्या ‘जर्नी’चा प्रवासाशी संबंध नाही. मूळ फ्रेंच शब्द दिवसाचा, दिवसभराच्या कामाचा. युरोपातल्या कारागीर संघांत उमेदवारी संपवलेला, पण अजून उस्ताद न झालेला, रोजावर काम करणारा कसबी माणूस म्हणजे जर्नीमन. तेव्हा ‘रोजंदार’. आपला रोजही फारसीतला दिवसच. इतकं नेमकं जुळणारं भाषांतर क्वचित मिळतं.

सोनकी
विमानानं फिरणारा रोजंदार! दादा, वाचकाला रोजगार हमीचं काम दिसेल. आणि व्युत्पत्तीवरच चालायचं तर ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण. तुमच्या हिशेबानं शाळेत मिळते ती शिक्षा. आमच्या वेळी मिळायची म्हणा.

उंबरठा
विनोद ठीक आहे, पण लोक चुकीचं वापरतात म्हणून आपण चुकीचं भाषांतर करायचं का?

सोनकी
शंभर वर्षं सगळे चुकले की ते बरोबर होतं. मराठी अशीच बनलीये. पगार पोर्तुगीज आहे, परत करता का?

नावेलीकर
स्पॅनिशमध्ये याची गंमत आणखी पुढे जाते. ‘खोर्नादा’ म्हणजे कामाचा दिवस, आणि त्यांच्या फुटबॉल लीगच्या प्रत्येक फेरीलाही खोर्नादाच म्हणतात. त्याच कुळातला ‘खोर्नालेरो’, रोजावरचा मजूर. म्हणजे उंबरठा यांचा रोजंदार तिथे जसाच्या तसा आहे. पण तिरी कादिस प्रांतातला, आंदालुसियाचा. त्या भागात खोर्नालेरो म्हटलं की बड्या जमीनदाराच्या रानात ऑलिव्ह उतरवणारा भूमिहीन माणूस डोळ्यांपुढे येतो. खेळाडूला ते कोण म्हणेल? संघामागून संघ बदलणाऱ्याला ते ‘त्रोतामुंदोस’ म्हणतात, जग पालथं घालणारा. त्यांनीही शेवटी प्रवासच धरला.

गिरणगावचा
‘बदली’ म्हणा की. माझे आजोबा परळला गिरणीत बदली होते. पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकावर जाऊन उभं राहायचं, कायमचा कोणी आला नसेल तर त्याचा साचा चालवायचा, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. आजी सांगायची, डब्याच्या वजनावरून कळायचं आज काम लागलं की नाही. हात तयार, पण जागा आपली नाही. उंबरठा यांनी सांगितलेला जर्नीमन हाच नव्हे का? शिवाय बदलीत गावोगावी जाणंही आलं, एसटीतल्या माणसाला विचारा.

पारवा
वाचून गलबललो. पण खेळाच्या पानावर ‘बदली खेळाडू’ म्हणजे बाकावरून उठून मैदानात येणारा. तिरी पहिल्या अकरांतला माणूस. घोटाळा होईल.

कुंपण
मुळात ‘बचावपटू’ चालतो कसा सगळ्यांना? पटू म्हणजे निपुण. 13 मार्च 2021, गोव्यातलं फातोर्डा, आयएसएलची म्हणजे इंडियन सुपर लीगची अंतिम फेरी. बागान 1-0 पुढे, आणि याच निपुणाकडून चेंडू आपल्याच जाळ्यात. मग 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, करंडक मुंबईला. ‘रक्षक’ म्हणा. रक्षक हरला तरी रक्षक राहतो.

नावेलीकर
त्या एका गोलावरून माणसाला तोलू नका हो. करोनामुळे तो अख्खा मोसम आमच्या गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. फातोर्ड्याचे दिवे माझ्या गच्चीवरून दिसत होते आणि सामना मी टीव्हीवर पाहत होतो! पुढे 2022 च्या मे महिन्यात आशियातल्या क्लबांच्या एएफसी चषकात केरळच्या गोकुलमविरुद्ध त्याचा गुडघा गेला, बराच काळ बाहेर होता. त्यातून उठून तो मुंबईकडे आला, आणि 4 मे 2024 ला मुंबईनं कोलकात्यातल्या सॉल्ट लेकवर बागानलाच 3-1 हरवलं. ज्यांना चुकून करंडक दिला, त्यांच्याच बाजूनं खेळून तो जिंकला.

सोनकी
त्या चुकीला वर्तमानपत्रं ‘स्वयंगोल’ म्हणतात. मला दरवेळी स्वयंपाक आठवतो. ‘घरचा अहेर’ काय वाईट आहे?

कुंपण
अहेर मुद्दाम देतात.

नावेलीकर
रक्षकावरून आठवलं. स्पॅनिशमध्ये बचावपटूला ‘सागेरो’ असाही शब्द आहे. सागा म्हणजे फौजेची पिछाडी, तोही त्यांच्याकडे अरबीतून आलेला.

उंबरठा
मग ‘चंदावल’! मराठी फौजेत पुढे बिनी आणि मागे चंदावल. ‘बिनीचा शिलेदार’ खेळाच्या पानावर उठता बसता वाचतो, सलामीच्या फलंदाजापासून कोणालाही लावतात. चंदावल मात्र बखरीतच राहिली.

गिरणगावचा
शिलेदारही नीट वापरत नाहीत. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. करार संपल्यावर आपलं कसब घेऊन दुसऱ्या दारी जाणारा खेळाडू शिलेदार झाला. आणि एका क्लबानं दुसऱ्याला मोसमापुरता उसना दिलेला तो बारगीर.

उंबरठा
वा! पारवा, घ्या : ‘चंदावलीचा शिलेदार’. यात रोज नाही, पण चाकरी आहे. मी रोजंदार मागे घेतो. तात्पुरता.

पारवा
बाईंना फोन केला. “चंदावल हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात आहे का?”

सोनकी
बाईंना सांगा, नुसतं ‘तिर्री’ लिहा. पत्त्यांतली. हलकं पान, पण तीन-दोन-पाचमध्ये आमच्या आत्यानं तिर्रीवर हात ओढलेले मी पाहिलेत.

कुंपण
तीन-दोन-पाचमध्ये तिर्री काढून ठेवतात. खेळ सत्तीपासून वर असतो.

सोनकी
आमच्याकडे कोल्हापूरला सगळी पानं घेतात.

कुंपण
बावन्न पानं तिघांत वाटून दाखवा.

पारवा
मंडळी, अंक उद्या छपाईला जातोय.

गिरणगावचा
कुंपण, तुम्ही चाराच्या पानाला चौकी म्हणता की चव्वी?