दोरीवरचे शिनाणे: बी गळतंय, उरलेलं जूनमध्ये मरतंय

कर्लीकाठ: खाडीत बांबूच्या मांडवावर बचत गटाच्या शिनाण्यांच्या (हिरव्या शिंपल्यांच्या) 60 दोऱ्या सोडल्या होत्या. बी, म्हणजे बारीक पिल्लं, डिसेंबरअखेर आणलं. दोरी नवी गुळगुळीत नायलॉनची, वर पॉलिस्टरची मच्छरदाणी गुंडाळलेली. पंधरा दिवसांत निम्मं बी खाली चिखलात. उरलेलं 50 मिमीपर्यंत पोचलं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तोंडं उघडून मेलं. मांडव खाडीच्या मुखापासून बराच आत आहे, सुकतीला (ओहोटीला) दीड मीटर पाणी राहतं. यंदा काय बदलायचं?

बांबूमांडव: ताई, पहिला दोष कापडाचा. कापड सुतीच हवं, मच्छरदाणीसारखं विरळ. शिनाणं दिवसभरात तंतू सोडून दोरीला धरतं आणि सुती कापड दोन-तीन दिवसांत कुजून गळतं. इतकंच त्याचं काम. पॉलिस्टर कुजत नाही. आत गाळ साठतो, बी गुदमरतं, आणि जे जगतं ते दोरीऐवजी जाळीलाच धरून बसतं. मग जाळी सुटली की बी गेलं.

दोरी 12 ते 14 मिमी जाडीची, वापरलेली, खरबरीत झालेली घ्या.  एक मीटर दोरीला 20–25 मिमीचं एक ते दीड किलो बी पुरतं. कापडाची 20–25 सेंमी रुंद पट्टी पसरायची, बी सारखं लावायचं, मधे दोरी ठेवून घट्ट शिवायचं. सैल राहिलं तर सगळं बी तळाशी गोळा होतं आणि तिथूनच फाटतं. दर फूटभरावर दोरीच्या पिळात बांबूची आडवी काडी खोचा. शिनाण्यांचा घड वाढल्यावर स्वतःच्याच भाराने घसरतो, तो काडीवर अडतो. तरीही दीड-दोन महिन्यांनी घड फार दाटले, तर विरळ करून नव्या दोरीवर बांधावेच लागतात.

भांगउधाण: जूनमधलं मरण गोड्या पाण्याने आलं. शिनाण्याला लिटरमागे 20 ते 35 ग्रॅम क्षार मानवतात. 15 च्या खाली ते शिंपा मिटून बसतं, म्हणजे खाणं बंद. पाऊस लागला की आतल्या खाडीत क्षार झपाट्याने उतरतात, आणि मिटलेल्या शिंपेत फार दिवस निघत नाहीत. त्यामुळे माल मेअखेर बाहेर आलाच पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास क्षार मोजायला लागा. सुकतीच्या शेवटी मोजा, भरतीला आकडा फसवा मिळतो. सलग 20 च्या वर टिकला की लगेच बी सोडा. नोव्हेंबरमध्ये सोडलेलं एप्रिलपर्यंत 65–80 मिमी होतं. डिसेंबरअखेर म्हणजे उशीरच.

मांडव मुखाकडे न्या, पण लाटा थेट आपटतील इतका नको. दोरीचं टोक तळापासून निदान अर्धा मीटर वर हवं, नाहीतर खेकडे चढतात आणि गाळ बसतो. तुमच्याकडे दीड मीटर पाणी, म्हणजे बी लावलेला भाग मीटरभरच ठेवा.

कर्लीकाठ: 5 × 5 मीटरच्या मांडवाला किती दोऱ्या? जागा बदलायला कोणाला विचारायचं?

बांबूमांडव: अर्ध्या-अर्ध्या मीटरवर 100. बी 100–150 किलो लागेल. सगळं नीट जमलं तर मीटरला 8–10 किलो माल. दोऱ्या दाटीने टांगल्या तर मधल्यांना खाद्य पोचत नाही, त्या बारीकच राहतात. परवानगीसाठी सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय. काठाला कांदळवन असेल तर कांदळवन कक्षालाही. शासकीय कागदांवर बहुतेक ‘शिंदाणे पालन’ असं लिहिलेलं असतं, त्याच नावाने अर्ज करा.

खडपावरची: बी आणताना खडप, म्हणजे किनाऱ्यावरचा खडक, साफ खरवडू नका. पट्टे-पट्टे सोडून काढा आणि मोठी शिनाणी तिथेच राहू द्या, पुढच्या वर्षीचं बी त्यांच्याकडूनच येतं. ओल्या गोणपाटात, सावलीत आणा. बादलीत पाण्यात बुडवून आणलं तर हवा संपून मरतं. मेलेली आणि फुटकी निवडून त्याच दिवशी शिवा.

विकण्याआधी चिखल धुऊन माल 24 तास स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवा, पाणी मधे बदला. शिनाणं पाणी गाळून खातं, त्यामुळे सांडपाण्याचे जंतू त्यात साठतात. गटाराच्या तोंडाजवळचं कधीच विकू नका. आणि समुद्राचं पाणी लालसर किंवा तपकिरी झालं असेल तर काढणी थांबवा. त्या शेवाळाचं विष कधी कधी मांसात उतरतं आणि उकळूनही जात नाही.